रजिस्टर उलटं ठेवा : वाचनालयात बसून प्रायव्हसीचं काम कसं करायचं

अभ्यासिकेच्या दाराशी एक रजिस्टर असतं बघा, दोरीला बॉलपेन बांधलेलं, नाव, वेळ, मोबाईल नंबर, सही असे रकाने आखलेलं. मी सोलापुरातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे, माझ्या डोक्यात हा सगळा विषय त्या रजिस्टरवरून सुरू झाला. एमपीएससीचा अभ्यास करणारी एक मुलगी चार दिवस आली नाही, पाचव्या दिवशी आली ती थेट माझ्या टेबलापाशी, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, मॅडम, रजिस्टरमध्ये नंबर लिहिलाच पाहिजे का ओ? विचारलं तेव्हा कळलं की रात्री साडेअकरा-बाराला कुणीतरी मेसेज टाकायलंय, आज निळा ड्रेस छान होता, उद्या पण तिथंच बसणार का, असले. नंबर कुठून गेला हे शोधायला काही सीआयडी लागत नव्हती, तिच्याखाली सही करणाऱ्या प्रत्येकाला तिची ओळ दिसत होती.

मी शिपाईमामांना विचारलं, आपण नंबर घेतोच कशाला? ते म्हणाले, पहिल्यापासून हाय की. कार्यवाहांना विचारलं, तेच उत्तर. मग जुनी रजिस्टरं काढली, आणि त्यात सापडलं की तो रकाना कोरोनात आखलेला, कुणी पॉझिटिव्ह निघालं तर बाकीच्यांना कळवता यावं म्हणून. कोरोना गेला, रकाना राहिला. दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन तो रकाना खोडला, आता फक्त कार्ड नंबर, टेबल नंबर आणि वेळ. कुणाचंच काही अडलं नाही. नाव हवंच असलं तर कार्ड नंबरावरून मला आत बघता येतं, पण ते फक्त मला.

तर ग्रंथपाल, लायब्ररी असिस्टंट, कॉलेजात लायब्ररी सांभाळणारे, गल्लीतल्या ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात लहान, वाचनालयात संध्याकाळी दोन तास बसणारे, आपल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. प्रायव्हसी, डेटा, माहिती धोरण असले शब्द ऐकले की वाटतं हे दिल्लीतल्या वकिलांचं आणि बेंगळुरूतल्या सॉफ्टवेअरवाल्यांचं काम. पण लोकांची माहिती लिहून घेणं, जपणं, शोधून देणं हेच आपण आयुष्यभर करतो, त्यामुळे याबद्दल बोलायचा पहिला हक्क आपला आहे आणि नेमके आपणच गप्प असतो.

आधी वह्यांची वही करा

मे महिन्यातली एखादी दुपार धरा, बाहेर ४३ डिग्री, वाचक कुणी नाही, पंखा नुसता गरम वारा फेकतोय. अशा वेळी एक दोनशेपानी वही घ्या आणि आपल्याकडे माणसाचं नाव कुठंकुठं लिहिलं जातं ते उतरवा. सभासद अर्ज, अनामतीची पावतीपुस्तकं, देवघेव रजिस्टर, अभ्यासिकेचं रजिस्टर, अभिप्राय वही, सीसीटीव्ही, व्हॉट्सअॅप ग्रुप, थकबाकीची यादी, बालविभागाच्या स्पर्धांचे फॉर्म. मला वाटलेलं पाच-सहा ठिकाणं निघतील, निघाली चौदा. प्रत्येकापुढे तीनच गोष्टी लिहायच्या: कशासाठी घेतो, कोण बघू शकतं, कधी फाडतो. तिसऱ्या रकान्यात माझ्याकडे चौदाच्या चौदा ठिकाणी रेघ होती, म्हणजे कधीच नाही.

सगळ्यात मोठा घोळ कुठं सापडला सांगू का, प्रिंट काढायच्या कॉम्प्युटरवर. पोरं हॉलतिकीट, जातीचा दाखला, आधार, बँक पासबुक काय काय डाउनलोड करतात, प्रिंट घेतात आणि निघून जातात. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये अडीच वर्षांचा ढीग होता, आणि एका ब्राउझरमध्ये तर कुणाचं तरी व्हॉट्सअॅप वेब अजून चालू होतं, माझ्या डोळ्यासमोर घरच्या ग्रुपवर मेसेज येतायत, संध्याकाळी येताना कडक भाकरी आन म्हणून. मी घाईघाईनं लॉगआउट केलं पण लाज मलाच वाटली. उपाय फुकट आहे: विंडोजवर एक साधं गेस्टसारखं खातं उघडायचं, ब्राउझर बंद झाला की सगळं पुसायची सेटिंग लावायची, आणि रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामा करायचा, शिपाईमामांनाही हे शिकवायचं. एक मात्र लक्षात ठेवा, वाचनालयात लोकांना नेट वापरायला देत असाल तर २०११ चे सायबर कॅफेचे नियम वाचून घ्या, त्यात वापरणाऱ्याची नोंद किमान एक वर्ष ठेवायला सांगितलीय. नोंद ठेवा, लोकांच्या फायली नका ठेवू, हा फरक आहे.

बाकीचं पटपट सांगते. थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावत असाल तर काढा, फोन करा किंवा कार्ड पाठवा; आमच्याकडे तर नावापुढे पुस्तकाचं नावसुद्धा असायचं, एका बाईंच्या नावापुढे घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक, आणि बोर्डाखाली त्यांच्याच गल्लीतली चार माणसं पेपर वाचत बसलेली. सभासदांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर तिथं प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. सीसीटीव्हीचं तोंड दाराकडे आणि कपाटांकडे असावं, टेबलावरच्या उघड्या पुस्तकावर नसावं. ओळखपत्र बघा आणि परत द्या, झेरॉक्स कशाला घेता? आधारच दिलं तर शेवटचे चार आकडे तेवढे दिसणारं मास्क्ड आधार चालतं हे लोकांना सांगा. आणि काउंटरवरचं देवघेव रजिस्टर आपल्या बाजूला तोंड करून ठेवा, वर एक पुठ्ठा. एवढ्याला ना ठराव लागतो ना पैसे.

देवघेवीचा इतिहास म्हणजे खरी जोखीम

बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथपालाच्या पदवीला, आपण पुस्तक देवघेवीच्या ब्राऊन आणि नेवार्क या दोन पद्धती शिकलो, परीक्षेत फरक लिहिले आणि विसरलो. ब्राऊनमध्ये पुस्तकाचं कार्ड वाचकाच्या खिशात घालून ट्रेमध्ये लावायचं, पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात आणि खिसा वाचकाला, कुणी काय वाचलं याची नोंद शिल्लकच राहत नाही. पुस्तकात तेव्हा याला दोष म्हणून लिहिलेलं असायचं, कायम नोंद राहत नाही, आकडेवारी नीट मिळत नाही वगैरे. आज मला तोच तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. कॉम्प्युटर आल्यावर उलटं झालं, माणसानं दहा वर्षांत काय काय नेलं ते एका क्लिकवर.

कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यावर इलाज आहे. सिस्टम प्रेफरन्समध्ये जाऊन ओपॅकप्रायव्हसी (OPACPrivacy) चालू करायचं, मग एक डमी सभासद बनवायचा आणि त्याचा नंबर अॅनॉनिमसपेट्रन (AnonymousPatron) या प्रेफरन्समध्ये टाकायचा, त्यानंतर टूल्समध्ये सभासद एकगठ्ठा काढायचं आणि निनावी करायचं जे टूल आहे तिथं तारीख द्यायची, की त्या तारखेआधी परत आलेल्या सगळ्या पुस्तकांच्या नोंदी त्या डमीच्या नावावर जातात. पुस्तक किती वेळा गेलं ते कळतं, कुणाकडे गेलं ते कळत नाही. अनुदानाच्या तपासणीत आकडे मागतात, आकडे तसेच राहतात. आधी बॅकअप घ्या, आणि तो बॅकअप काम झाल्यावर पुसायचा हे विसरू नका, नाहीतर सगळं केलेलं पाण्यात. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर सरळ सपोर्टला फोन करून विचारा, परतीच्या नोंदीतलं नाव काढता येतं का. नाही म्हणाले तर पुढच्या वर्षीच्या देखभाल कराराआधी तीच मागणी लेखी टाका, पैसे द्यायच्या वेळी सगळे ऐकतात.

कायदा किती माहीत पाहिजे

सगळा पाठ करायची गरज नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, ही पायाची वीट. त्यावर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण सगळे एकदम लागू नाहीत, आपल्यासारख्यांना लागणारा मोठा भाग १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. तेवढा वेळ आहे, म्हणून निवांत बसू नका.

हा कायदा डिजिटल माहितीला आहे. नुसतं कागदी रजिस्टर त्यात येत नाही, पण तेच रजिस्टर एक्सेलमध्ये चढवलंत की आलं. संमती मागायची तर ती मोकळी, नेमक्या कामापुरती, समजून दिलेली हवी, आणि दिली तितक्याच सोप्या रीतीनं मागे घेता यायला हवी. काम संपलं की माहिती पुसायची. सुरक्षेत ढिलाई केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. हा आकडा आमच्या कोषाध्यक्षांना सांगितला तर ते एवढे हसले, म्हणाले, मॅडम आपलं वार्षिक अनुदान बघा आधी. ती कमाल मर्यादा आहे, तेवढा दंड आपल्याला होईल असं नाही, खरंय, पण हसत हसत का होईना विषय बैठकीच्या अजेंड्यावर आला.

यातलं एक कलम खास सोलापूरसाठी लिहिलंय असं मला वाटतं. संमतीची विनंती आणि त्यासोबतची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते, आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही त्यात आहेत. पूर्व भागात जा, घरात तेलुगू, बाजारात मराठी, अक्कलकोट साइडला कन्नड, आणि सभासद अर्ज मात्र इंग्रजी-मराठी खिचडीत. आमच्या पहिल्या अर्जात मी लिहिलेलं, "सदर माहितीचे प्रक्रियाकरण करण्यास माझी संमती आहे." एक रिटायर्ड यंत्रमाग कामगार चष्मा वर करून म्हणाले, ताई हे काय प्रक्रिया म्हंता, मी काय दूध हाय का? बरोबर होतं त्यांचं. मग असं केलं: "तुमचं नाव, पत्ता, फोन आम्ही पुस्तक देण्या-घेण्यासाठी आणि उशीर झाला तर कळवण्यासाठी लिहून घेतो. दुसऱ्या कुणाला देत नाही. सभासदत्व सोडलं, अनामत परत घेतली, की नोंद पुसतो. नको असेल तर काउंटरवर सांगा, फॉर्म लागत नाही." तेलुगू भाषांतर शेजारच्या एका शिक्षिकेनं करून दिलं, कन्नड आणि उर्दू वाचकांनीच. भाषांतर करताना तीन ठिकाणी आमचं मराठीच गोलमाल आहे हे कळलं, तो फायदा वेगळाच.

कुणी आत येऊन यादी मागितली तर

मागणारा पोलीस असो, एखाद्या पक्षाचा कार्यकर्ता असो, नाहीतर मुलीचा बाप असो जो म्हणतो ती काय वाचते तेवढं सांगा. बाप आणि कार्यकर्ता यांना हसून चहा पाजायचा आणि नाही म्हणायचं. पोलिसांच्या बाबतीत नाही म्हणायचं नसतं, लेखी द्या म्हणायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस ठाण्याचा प्रमुख अधिकारी किंवा कोर्ट कागद हजर करायला लेखी हुकूम देऊ शकतं. तसा हुकूम आला की त्यात जेवढं मागितलंय तेवढंच द्यायचं, अख्खं रजिस्टर उचलून नाही, आणि काय दिलं त्याची पोच घ्यायची. काउंटरवर एकटा शिपाई असेल तर तो घाबरून सगळं देणार हे धरून चाला, म्हणून एका कार्डावर लिहून ठेवा: "साहेब, बसा. ग्रंथपालांना फोन लावतो. लेखी पत्र लागेल." आमच्या काचेखाली हे कार्ड आहे. १९३० चा इंग्रजांचा मार्शल लॉ बघितलेल्या सोलापुरात हे समजावून सांगायला फार वेळ लागला नाही, सभासदांमधल्या म्हाताऱ्या माणसांनीच मान डोलावली.

ठराव करून घ्या

तुम्ही एकट्यानं केलेलं तुमची बदली झाली किंवा तुम्ही रिटायर झालात की संपतं. म्हणून कार्यकारी मंडळाकडून ठराव. लांबलचक धोरण नको, ते फाइलीत मरतं. आमचा ठराव सहा ओळींचा आहे: काय गोळा करायचं, काय करायचं नाही, देवघेवीतलं नाव किती दिवसांनी काढायचं, सीसीटीव्ही कुणी बघायचं, बाहेरच्यानं मागितलं तर कुणी ठरवायचं, आणि वाचकाची तक्रार कुणाकडे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. बैठकीआधी दोन-तीन जणांशी आधीच बोलून ठेवा, शेंगा चटणीचं पाकीट घेऊन गेलात तरी चालेल, आणि बैठकीत कायद्याचं भाषण देऊ नका, त्या मुलीला आलेल्या मेसेजची गोष्ट सांगा, अर्थात नाव न सांगता. प्रत्येकाच्या घरी पोरी आहेत. आमचा ठराव चार मिनिटांत झाला, त्याआधी सतरंजी विकत घ्यायच्या विषयावर पाऊण तास गेला होता.

आता वरपर्यंत : हरकती-सूचना

इथं मी स्वतः माती खाल्लीय ते आधी सांगते. डेटा कायद्याच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला, केंद्र सरकारच्या मायगव्ह पोर्टलवर सूचना मागवलेल्या, मुदत १८ फेब्रुवारी, पुढे वाढवून ५ मार्च. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, मग स्पर्धा परीक्षेची गर्दी, मग मार्चएंड आणि तपासणी. मी पाठवलंच नाही. आणि नियम फायनल झाले तेव्हा वाचून डोक्याला हात लावला. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला आईवडिलांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर नजर ठेवायला मनाई. यातून काही जणांना ठरावीक कामापुरती सूट दिलीय, त्या यादीत दवाखाने आहेत, शिक्षणसंस्था आहेत, पाळणाघर आहे, शाळेची ने-आण करणारे आहेत. सार्वजनिक वाचनालय हा शब्द नाही. म्हणजे शाळेच्या लायब्ररीला एक आणि गल्लीतल्या बालविभागाला दुसरं? रिक्षावाल्या काकांचा विचार झाला, आपला नाही, कारण आपल्यातल्या किती जणांनी लिहून कळवलं असेल?

दुसरी गोष्ट याहून टोचणारी. त्याच नियमांत वैयक्तिक माहिती आणि तिच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवा असंही आहे, सरकारला काही कामांसाठी लागली तर म्हणून. आपण म्हणतो पुस्तक परत आलं की नाव पुसा, नियम म्हणतो वर्षभर थांबा. म्हणून कोहात तारीख टाकताना मी सध्या एक वर्षापेक्षा जुनं एवढंच निनावी करते. मला हे पटत नाही, पण पटत नाही ते लिहून कळवायचं असतं.

कसं लिहायचं? एक पान पुरे. वर नियमाचा नंबर. मग आपल्या काउंटरवर त्यामुळे नेमकं काय होणार ते चार ओळींत, म्हणजे बालविभागात रोज किती पोरं येतात, किती जणांचे आईवडील बिडी कारखान्यात किंवा टॉवेलच्या मागावर असतात आणि ओटीपी द्यायला फोन त्यांच्या हातात नसतो. मग कुठला शब्द घालावा किंवा काढावा ते. बस्स. "आम्ही तीव्र चिंता व्यक्त करतो" वगैरे लिहू नका, मसुदा लिहिणाऱ्याला तयार वाक्य द्या. केंद्राचं २०१४ पासून धोरण आहे की मसुदे साधारण किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचे, त्यामुळे ३० दिवस हातात आहेत असं धरून पहिल्या आठवड्यातच लिहा. एकट्यानं पाठवा, शिवाय जिल्ह्याच्या ग्रंथालय संघाकडून एकत्रही पाठवा. आता मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मायगव्ह आणि राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाचं पान उघडून बघते, दहा मिनिटं लागतात.

झाकायचं काय, उघडं काय

याच डेटा कायद्यानं माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ), म्हणजे इंग्रजीतलं ८(१)(j), बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, मोठं जनहित आहे का, हे त्याच कलमात बघावं लागायचं. आता तिथं नुसतं वैयक्तिक माहिती एवढंच राहिलं. कलम ८(२) मधली जनहिताची वाट अजून शाबूत आहे, पण टेबलावरच्या बाबूला ती आठवेलच असं नाही. म्हणून वाचक अर्ज लिहून घ्यायला आपल्याकडे येतो तेव्हा त्याला सांगा, अर्जातच ८(२) लिही आणि जनहित काय ते दोन ओळींत मांड. हे सांगणं हा आपल्या कामाचाच भाग आहे, आपण नुसती पुस्तकं वाटत नाही.

आणि स्वतःचं घरही बघा. कलम ४ मध्ये सार्वजनिक संस्थांनी न मागता जाहीर करायच्या १७ बाबी आहेत. तुमची संस्था त्यात मोडो न मोडो, अनुदान किती आलं, पुस्तकं कुणाकडून कितीला घेतली, ठराव काय झाले, हे बोर्डावर लावा. आमच्या बोर्डावर जिथं थकबाकीदारांची नावं असायची तिथं आता खरेदीची बिलं लागतात. पहिल्या महिन्यात एका सभासदानं एकाच पुस्तकाच्या दोन प्रती दोन दरांनी घेतलेल्या पकडल्या, कार्यवाह थोडे चिडले, पण विक्रेत्याकडून फरक परत आला.

ती मुलगी अजून येते. परवा प्रिलिमचं हॉलतिकीट प्रिंट करायला आली होती, प्रिंट झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, मॅडम, डाउनलोडमधनं मीच काढून टाकलं बरं का.